दोन्ही सोडू नका

बुधवार उजाडला की माझं डोकं सकाळपासूनच ठणकायला लागायचं, कारण बुधवारी सर यायचे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आठवड्यातून एकदा आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मानसिक आजारांची ओपीडी घ्यायला यायचे ते. एसटीनं यायचे. अवतार असा, की नव्या शिपायानं त्यांना एकदा पेशंटच्या रांगेत उभं केलं आणि सर गुमान उभे राहिले. मी गोळ्यांचे डबे घेऊन बाहेर आले तर आमचे मानसोपचारतज्ज्ञ सोळाव्या नंबरवर, पुढच्या म्हातारीशी सिंदेवाहीहून आणलेल्या धानाच्या बियाण्यावर गप्पा मारताहेत. मी म्हटलं, "अहो सर, इथं काय करताय?" तर म्हणाले, "रांगेतलं मानूस खरं बोलते, सिस्टर. आत आलं का ते तयारी करून येते."

मी तिथली नर्स. मूळची चिमूरची. तोंडानं फटकळ, हे आधीच सांगून टाकते.

आम्हाला दिलेली खोली म्हणजे दवाखान्याचं जुनं कोठार होतं. फुटके स्टूल, एक कपाट आणि एकच खिडकी, त्या खिडकीतून मी गोळ्या द्यायची. सर आले की दाराबाहेर चपला काढायचे, पेशंट काढतात म्हणून, आणि दिवसभर अनवाणी बसायचे. मग टेबल ओढून भिंतीला लावायचे आणि पेशंटच्या शेजारी बाकावर बसायचे, दोघांची तोंडं एकाच भिंतीकडे. डोळ्याला डोळा द्यायचेच नाहीत. "डोळ्यात पाहून पोलीस विचारते," म्हणायचे. त्या भिंतीकडे बघत लोक काय काय बोलायचे! नवऱ्याला न सांगितलेलं, आईला न सांगितलेलं. मी खिडकीत बसून ऐकायची आणि कधी कधी गोळ्या मोजताना चुकायची.

काय त्रास आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचे झोपेचं. "निजता का? कोंबडं आरवलं तवा जागे होते का? किती कोंबडे ऐकले?" कधी कधी एकेका माणसाजवळ तासभर. बाहेर चाळीस-पन्नास माणसं, त्यातली निम्मी जंगलातल्या गावांवरून आलेली, शेवटची गाडी चुकली तर मुक्काम पडणार. ती सगळी माझ्यावर ओरडायची. मी मागे वळून म्हणायची, "सर, बाहेर दंगा व्हायचा बाकी आहे." सर भिंतीकडे बघतच म्हणायचे, "होऊ द्या. दंगा करनारा मानूस ठीक असते. जे कोपऱ्यात गप बसलं हाय न, त्याले आत पाठवा." राग यायचा खरा, पण कोपऱ्यातलं माणूस बहुतेक वेळा खरंच फार वाईट अवस्थेत असायचं.

आजार समजावून सांगायला त्यांना फार आवडायचं. केसपेपरच्या पाठीवर मेंदू काढायचे. चित्रकला भयंकर, तो मेंदू कमी आणि फुलकोबी जास्त दिसायचा. "हे पाहा बाई, पित्ताशय दुखते, किडनी दुखते, तसा हाही एक अवयव हाय. साखरेची गोळी खाताना लाज वाटते का? मंग ह्याची काऊन?" माणसं माना डोलवायची. मग हळूच कोणीतरी म्हणायचं, "पन डॉक्टर, आमच्या गावचे म्हनतेत का याले बाहेरचं लागलं."

दुसरा कुठलाही डॉक्टर इथं भडकला असता. मीही भडकायची. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. मला हे 'बाहेरचं' ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. सर मात्र शांतपणे म्हणायचे, "असन. बाहेरचं पुजारी पाहीन, आतलं मी पाहतो. दोन्ही सोडू नका." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर हजारदा तरी म्हटलं असेल.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, तेही त्यांच्या तोंडून तुटक तुटक. कोरपन्याकडच्या त्यांच्या स्वतःच्या गावचा एक तरुण त्यांचा अगदी सुरुवातीचा पेशंट होता. घरचे गोळ्याही देत होते आणि देवऋष्याकडेही नेत होते. नवीन डिग्री, नवीन रक्त. सरांनी घरच्यांना दम भरला, "एक तर तो, नाही तर मी. काय ते ठरवा." घरच्यांनी ठरवलं. गोळ्या बंद झाल्या आणि पावसाळा संपायच्या आत तो मुलगा गेला. "त्याईनं निवडलं," सर म्हणाले होते. "पन निवडाले मी लावलं."

तर हे सर एके दिवशी मला घेऊन थेट पुजाऱ्याकडे गेले. आमच्या तालुक्याच्या जंगलपट्टीत एक म्हातारा पुजारी होता, दहा गावं त्याला मानायची. सरांनी कोणाची तरी मोटारसायकल मागून आणली होती. मी मागे बसून सगळी वाट बडबडत होते, "सर, हे शोभतं का आपल्याला?" पुजारी मोहाच्या झाडाखाली बसला होता. सर चपला काढून त्याच्या शेजारी खाली बसले. मग सर म्हणाले, "तुमच्याकडं मानूस येते, तवा त्याची झोप विचारता का?" पुजारी म्हणाला, "पहिले तेच विचारतो बाप्पा. जे निजत नाई, ते माह्यानं होत नाई." सरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! ठरलं असं, की ज्याला डॉक्टरची गरज वाटेल त्याच्या उजव्या मनगटाला पुजाऱ्यानं निळा धागा बांधायचा आणि आमच्याकडे पाठवायचं.

वर्षभरात आमच्या रांगेत निम्म्या मनगटांवर निळे धागे दिसायला लागले. जी माणसं आधी साखळीनं बांधलेली घरात पडून राहायची ती येऊ लागली, हे मला दिसत होतं. तरी मला ते पचत नव्हतं. एका बुधवारी मी सरळ तोंड सोडलं. "सर, आपण सरकारी दवाखान्यात बसून अंधश्रद्धेची दुकानदारी चालवतोय." बाहेरचे लोक ऐकत होते. सर म्हणाले, "सिस्टर, तुमचा इचार बरोबर हाय. पन पेशंट तुमचा इचार घेऊन येत नाई, धागा घेऊन येते." मी पुन्हा काहीतरी म्हणाले. मग मात्र ते चिडले, एरवी कधी चिडायचे नाहीत. "माह्या ओपीडीत पुजाऱ्याच्या विरोधात एक शब्द नाई पाह्यजे. पटत नसन तर दुसऱ्या वॉर्डात ड्युटी मागून घ्या." पन्नास माणसांसमोर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ड्युटी बदलून मागितली नाही, पण मनात म्हटलं, ठीक आहे, आता काही बोलणारच नाही. चालू द्या तुमचं.

आता सुषमाचं सांगते. हे सगळं लिहायला घेतलं ते तिच्यासाठीच.

सुषमा आमच्या तालुक्यातलीच, धान लावणाऱ्या घरची, बाविशीतली. पोलीस भरतीची तयारी करायची. आमच्या भागात पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं-पोरी दिसतात ना, त्यातली. पहिल्यांदा आणली तेव्हा चार दिवस झोपली नव्हती. आपण फौजदार झालो म्हणून सांगत गावच्या चौकात उभी राहून बैलगाड्या अडवत होती, सरपंचालाही सलाम ठोकायला लावला होता. बापानं दुपट्ट्यानं हात बांधून आणलेली आणि मनगटावर निळा धागा. आई दारातच बसून रडत होती. "माय वं, कोनाची नजर लागली माह्या पोट्टीले!" सर तिच्या शेजारी बसले, हात सोडायला लावले आणि भिंतीकडे बघत विचारलं, "पळते किती?" ती एका दमात म्हणाली, "आठशे मीटर, सर! टाइम लावून पाह्यता का?"

आजार ओळखीचा होता, कधी उधाण कधी उतार येणारा. सरांनी लिथियम सुरू केलं. ते सुरू करण्याआधी आम्हा नर्सेसना बसवून शिकवलं होतं त्यांनी. "ही गोळी मोठी गुनाची आणि मोठी तिरसट. अंगातलं पानी कमी झालं का, मीठ कमी झालं का, रक्तात चढते. मंग तेच औषध जहर होते. जुलाब, उलट्या, लई घाम, काही झालं तरी मले सांगाचं." आणि माझ्याकडून शाळेतल्या पोरीसारखं दोनदा म्हणवून घेतलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

सुषमा सुधारली. रक्ताची तपासणी वेळेवर, गोळ्या वेळेवर. घरच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढायची, चांगला दिवस असला की लांब, वाईट असला की आखूड, आणि फोनमध्ये तिचा फोटो काढून सरांना आणून दाखवायची. सात-आठ महिन्यांत भिंतीवर सारख्या उंचीच्या रेघा दिसायला लागल्या. ती पुन्हा पळायला लागली. ह्या गोळीवर असताना भरतीत घेतील का, असं मी सरांना विचारलं होतं. "मले नाई मालूम," ते म्हणाले. "पन पळू तर द्या तिले. तिले आतून बरं होनं हाय, ते पळूनच होईन." एका बुधवारी जेवणाच्या सुटीत ते शाळेच्या मैदानावर जाऊन उभे राहिले, अनवाणीच, हातात माझं घड्याळ. सुषमा पळाली. सरांनी वेळ बघितली आणि खळखळून हसले. मी त्यांना तसं हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

मैदानी चाचणी जवळ आली होती. आणि माझं-सरांचं ते भांडण झालं होतं त्याच्या पुढच्याच बुधवारची गोष्ट. सुषमाची आई महिन्याच्या गोळ्या न्यायला खिडकीशी आली. मी गोळ्या मोजत होते. ती म्हणाली, "सिस्टर, पोट्टी अळणी खाऊन राह्यली. पुजाऱ्यानं सांगतलं, भरतीच्या पहिले सव्वा महिना. देवाले बोललो होतो आमी. गोळीसंगं चालते न अळणी?"

विचारलं हो तिनं. सरळ, स्पष्ट विचारलं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मला काय विचारता बाई? डॉक्टरच सांगतात ना, पुजारी म्हणेल ते करा म्हणून? मग करा." गोळ्यांची पुडी सरकवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सर मागे दहा पावलांवर एका पेशंटशी बोलत बसले होते. मी उठून सांगितलं नाही. विसरले म्हणावं तर विसरले नव्हते, डोक्यात कुठंतरी टोचलं होतं. पण भांडणाचा राग ताजा होता. पाहू दे त्यांनाच, असं वाटलं. एवढंच.

मे महिना. आमच्याकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. त्या उन्हात ती पोरगी सकाळ-संध्याकाळ पळत होती, घामानं निथळत होती आणि मिठाचा कण पोटात नव्हता. रात्री दोन गोळ्या मात्र न चुकता घेत होती. दोन्हीही न सोडता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जीपमधून आणली. उलट्या, जुलाब. हात असे थरथरत होते की ग्लास धरता येईना. उभं केलं तर दारू प्यायलेल्या माणसासारखी झोकांडत होती, जीभ जड झाली होती. घरचे आधी पुजाऱ्याकडेच घेऊन गेले होते. त्यानं नुसतं बघितलं आणि म्हणाला म्हणे, "हे माह्यातलं नाई, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्या." म्हाताऱ्यानं एक मिनिट वाया घालवलं नाही. सर त्या दिवशी योगायोगानं शेजारच्या तालुक्यात होते, फोन केल्यावर तासाभरात पोचले. आत आले, तिचे हात पाहिले आणि आईला विचारलं, "खाते काय ही?"

"अळणी," आई म्हणाली.

मी सलाईनची बाटली धरून उभी होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती पदरानं सुषमाचं तोंड पुसायला लागली. सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "चंद्रपूरले हलवा, डायलिसिस लागन," एवढंच म्हणाले आणि तिच्यासोबत ॲम्ब्युलन्समध्ये चढले. आईही चढली. गाडी गेली तरी मी बाटली धरूनच उभी होते, वॉर्डातल्या मावशीनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

सुषमा वाचली. पण तोल सांभाळणाऱ्या छोट्या मेंदूला इजा झाली ती झालीच. पाय फाकवून चालते, वळताना भिंत धरावी लागते, शब्द ओढत ओढत येतात. काही जणांचं असं पुढे सुधारतं म्हणतात, तिचं नाही सुधारलं. आता पळणं होणार नाही, हे घरी जाऊन सरांनीच सांगितलं. दुसऱ्या कोणावर ढकललं नाही.

चौकशी लागली. सरांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की पेशंटना पुजाऱ्याचं ऐकायला मीच सांगत होतो, पुजारी काय पथ्य सांगतो हे विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही, चूक सर्वस्वी माझी आहे. माझाही जबाब झाला. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचं आहे?" बदली होऊन मुश्किलीनं घराजवळ मिळालेली ड्युटी, मुलगा बारावीला, हे सगळं त्या एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, "नाही." सही केली आणि बाहेर येऊन चहा प्यायले. चहा प्यायले, हे मला अजून आठवतं आणि माझी मलाच किळस येते.

लोकांना वाटलं, आता सर पुजाऱ्याला तोडतील. सर पुन्हा त्या मोहाखाली जाऊन बसले. कोणाला अळणी सांगायची तर आधी माझ्याकडे पाठवा, हे त्या म्हाताऱ्याला समजावून आले. परत आल्यावर ओपीडीत नवीनच सुरू झालं. प्रत्येक पेशंटला, मग तो कुठल्याही गोळीवर असो, सकाळपासून काय काय खाल्लं ते सगळं सांगायला लावायचे. भाजी कसली, तिखट किती, मीठ कोणी टाकलं. रांग दुप्पट लांब झाली. पोरं बाहेर त्यांची नक्कल करायची. मी कोणालाही गप्प केलं नाही. माझा डबा ते पूर्वीसारखाच माझ्यासोबत खायचे, पूर्वीसारखंच माझ्याशी बोलायचे. मला वाटायचं, ह्यांना माहीत नाही. रोज वाटायचं, आज सांगू. आणि दर बुधवारी वाटायचं, पुढच्या बुधवारी.

दीड वर्षानं त्यांनी नोकरी सोडली आणि कोरपन्याकडे गावी जाऊन राहिले. गेल्या हिवाळ्यात गेले. छातीत दुखलं आणि गेले, असं कोणीतरी ग्रुपवर टाकलं. खाली हात जोडलेली चित्रं. मीही एक टाकलं.

मागच्या महिन्यात नवीन मॅडमनी जुन्या पेशंटच्या घरी जाऊन यायला सांगितलं. यादीत सुषमाचं नाव होतं. मी गेले. आई अंगणात एकटीच होती, धान वाळत घालत होती. मी ठरवूनच गेले होते. बसल्याबसल्या म्हणाले, "बाई, त्या दिवशी खिडकीशी तुम्ही मला विचारलं होतं."

तिनं मान वर केली नाही. "हाव," म्हणाली. "मी डॉक्टरले तवाच सांगतलं न. गाडीतच सांगतलं, का सिस्टरले विचारलं होतं म्हनून."

"मग? काय म्हणाले ते?"

"पोट्टीची नाडी धरून बसले होते. मंग म्हनले, बाई, हे अजून कोनाले सांगू नका. चूक माह्यी हाय, मीच तिले पुजाऱ्याबद्दल बोलाचं नाई म्हनलं होतं. आन तिले काढून टाकलं त बुधवारी खिडकीत दुसरं कोन बसते? तुमच्या पोट्टीले उद्या गोळ्या कोन देईन?" ती धान पसरत राहिली. "मी कोनाले नाई सांगतलं. सुषमालेई नाई."

म्हणजे दीड वर्ष. दीड वर्ष दर बुधवारी हा माणूस माझ्या डब्यातली भाजी खात होता आणि त्याला सगळं माहीत होतं. माझी वाट पाहत असतील का हो ते? मी स्वतःहून तोंड उघडीन म्हणून? आता कोणाला विचारू.

तेवढ्यात सुषमा घरातून बाहेर आली. एक हात भिंतीला, दुसऱ्यात पाण्याचा गडू, अर्धं पाणी वाटेतच सांडलेलं. मला बघून हसली. "सिस्टर... पानी घ्या," म्हणाली. मी तिच्या हातातला गडू घेतला, खाली ठेवला, तिला बाजेवर बसवलं आणि सांगून टाकलं. सगळं. आईनं विचारलं होतं, मला माहीत होतं, मी रागात होते, मी सांगितलं नाही. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं नाही. रडायचा हक्क माझा नव्हता.

तिला राग यावा, तिनं मला हाकलून द्यावं, असं मला मनापासून वाटत होतं. तिच्या कपाळावर आठ्या आल्या होत्या, काहीतरी जुळत नव्हतं तिला. मग एकेक शब्द ओढत ती म्हणाली,

"मंग... घरी आले तवा... डॉक्टर... माह्या पाया काऊन पडले?"